त्या ताई बघा

२ फेब्रुवारी

दादा,

आमच्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये तुझा फोटो लागलाय. पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, आणि हसू असं की एखाद्या दाताच्या डॉक्टरने जाहिरातीला मागून न्यावं. खाली लिहिलंय, 'काम करा, पण जगायला विसरू नका.' दुपारी तीन वाजता, मोठ्या हॉलमध्ये. उपस्थिती सक्तीची. जगायला विसरलो नाही याची आमच्याकडून सही घेणार आहेत.

पत्र लिहितेय, कारण तुझा फोन तू उचलत नाहीस. एक मुलगी उचलते, फार गोड बोलते. मी म्हटलं, मी त्यांची बहीण. ती म्हणाली, "हो ना मॅडम, सरांचे सगळेच श्रोते स्वतःला त्यांच्या घरचेच समजतात." यावर माणसाने काय बोलावं?

तर ऐक. आमच्या डायलिसिस विभागातल्या दोन सिस्टर गेल्या वर्षी सोडून गेल्या. त्यांच्या जागी माणसं द्या म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज केला. वरून उत्तर आलं की कर्मचाऱ्यांवर ताण आहे याची व्यवस्थापनाला पूर्ण जाणीव आहे आणि लवकरच योग्य ते पाऊल उचललं जाईल. ते पाऊल म्हणजे तू.

तू माझा भाऊ आहेस हे इथे कोणाला ठाऊक नाही. ते तसंच राहू दे. फक्त दोन गोष्टी मागते. एक, आईला भेटून जा. घर हॉस्पिटलपासून लांब नाही, आणि ती कॅलेंडर बघत बसलीय. दुसरी, बाबांची गोष्ट सांगू नकोस. निदान इथे नको. आई दिवसभर तुझे व्हिडिओ लावून ठेवते, त्यामुळे ती मला पाठ आहे. "माझे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. लोकांना वर नेता नेता स्वतः मात्र आयुष्यभर खड्ड्यात राहिले." मग तू थांबतोस. पाणी पितोस. मग आवाज खाली आणून, "जाताना माझा हात धरून म्हणाले, अरे, जगायचं राहूनच गेलं."

दादा, तू नव्हतास. हात माझा होता. आणि ते म्हणाले, "पंखा जरा कमी कर गं." एवढंच म्हणाले.

खड्ड्याचंही सांगते. रविवारी कुठली लिफ्ट अडली की ते मला बरोबर न्यायचे. तू खेळायला पळायचास. ते लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचे आणि खालून शीळ ऐकू यायची. काम झालं की काळे हात पुसत वर यायचे, दार उघडून मला आत उभी करायचे आणि विचारायचे, "कितवा मजला, बाईसाहेब?" कामात इतका रमलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना बिचारं करून तू टाळ्या घेऊ नकोस.

बाकी बरं आहे. तुझ्या मेहुण्यांची बदली झाली. डोंगराकडच्या शाखेत असतात, जमेल तसं येतात. तब्येत ठीक.

ठकी


१७ फेब्रुवारी

दादा,

"त्या ताई बघा." तुझं हे वाक्य आमच्याकडे म्हण होऊन बसलंय. कॅन्टीनमध्ये मी घाईने चहा संपवला की कोणीतरी म्हणतंच.

तू सगळ्यांना डोळे मिटायला लावलेस. "कल्पना करा, उद्या काम नाही. काय कराल?" माझ्या शेजारची एक्स-रेवाली तिथल्या तिथे झोपली. सगळ्या हॉलमध्ये तिला एकटीलाच उत्तर सापडलं म्हणायचं. मी डोळे मिटले आणि मला काहीच दिसेना. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. वर शिंपीकाकांचं प्रेशर धाडकन उतरलं होतं.

शिंपीकाका म्हणजे आमचे जुने पेशंट. एकटे राहतात, आठवड्यातून तीनदा येतात, खिडकीजवळच्या मशीनला चार-चार तास जोडून पडतात. आयुष्यभर कोट शिवले, त्यामुळे नजर कात्रीसारखी. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "सिस्टरबाई, तुमच्या गणवेशाचा खांदा ज्याने कापला, त्याला माझ्या शेजारच्या मशीनला लावा." तेव्हापासून आमचं जमलं. कंटाळा करून ते एखादा दिवस बुडवायला बघतात. मग मी फोन करून शिव्या घालते आणि ते कुरकुरत येतात.

तुझ्यासाठी सगळ्यांना खाली बोलावलं होतं, वर एकच नवी सिस्टर. बाकीच्या आम्ही आनंद शिकत होतो. मी उठले. वाकून, खुर्च्यांच्या कडेकडेने निघाले, कोणाला त्रास नको म्हणून. आणि तू स्टेजवरून बोट केलंस.

"त्या ताई बघा! पाच मिनिटं डोळे मिटून बसवत नाही. अशा लोकांना वाटतं, आपण थांबलो की जग थांबेल."

हॉल हसला. मॅट्रनबाईही हसल्या. मी वळून पाहिलं आणि आपली नजरानजर झाली. तू मला ओळखलं नाहीस असं आई म्हणते. लांबून कसं ओळखेल गं, म्हणते. पण तू लगेच पाण्याचा ग्लास उचललास, दादा. लहानपणी खोटं सापडलं की तुला तहान लागायची. मी दारापर्यंत पोचले तेव्हा पाठीमागून ऐकू आलं, "माझे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे."

वर काकांचे पाय उंच केले, सलाईन सोडलं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "संपलं का व्याख्यान? मला वाटलं मीच संपलो."

घरी आले तर टेबलावर तुझं ताट तसंच. आईने सकाळपासून तुझ्या आवडीचं रांधलं होतं.

"थोरला आला होता," ती म्हणाली.

"जेवला?"

"घाई होती गं त्याला. ताट वाढलं, त्याच्याबरोबरच्या माणसाने फोटो काढले. गाडी चालूच ठेवली होती खाली."

तो फोटो मी संध्याकाळीच पाहिला होता. 'आईच्या हातचा घास. यापुढे सगळी सुखं फिकी.' हजारो लोकांनी लाल बदाम टाकलेत. तो घास आईने गरम करून मला वाढला. मुकाट्याने खाल्ला. चांगला झाला होता, तुला माहीत असावं म्हणून सांगते.

ठकी


५ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी थांबणार नाही. जे झालं ते कोणाला तरी सांगायला हवं, आणि बाबांबद्दल बोलावं असं दुसरं माणूस मला उरलेलं नाही.

रविवारी आई पुन्हा तुझा तो व्हिडिओ लावून बसली होती. मी भांडी घासत होते. 'जगायचं राहूनच गेलं' आलं आणि माझं डोकं फिरलं. ओल्या हातांनी जाऊन बंद केलं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "बाबा असं म्हणाले नाहीत. मी होते तिथे."

"माहीत आहे मला," आई म्हणाली.

"माहीत आहे? आणि तरी रोज ऐकतेस?"

"ऐकते."

"का?"

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "कारण त्यांनी ते म्हणायला हवं होतं. एकदा तरी. माझ्याजवळ."

मला काही कळेना. मी तिला ते रविवार सांगितले, शीळ सांगितली, बाईसाहेब सांगितलं. ती ऐकत होती, पण परक्याच्या घरची हकीगत ऐकावी तसं.

"शीळ घालायचे का?" ती म्हणाली. "मला नाही माहीत. घरात कधी नाही घातली. तू जायचीस बरोबर, तुला मिळाले ते. मला काय मिळालं? जोडे काढल्याचा आवाज, हातपाय धुतल्याचा आवाज, आणि घोरणं. बोलायला गेलं की 'दमलोय गं.' रोजचं दमलोय. हसणं सगळं बाहेर वाटून यायचे आणि रिकामा डबा घरी आणायचे. थोरला खोटं बोलतो, पण निदान कोणीतरी म्हणतं की त्या माणसाचं काही तरी चुकलं."

मी म्हटलं, "त्यांचं काम होतं ते, आई. आवडतं काम होतं."

"मग मी काय नावडतं काम होते?"

यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, दादाने तुझे कान भरलेत. तर ती जी उसळली! मला वाटत नव्हतं तिच्यात एवढं आहे. म्हणाली, "कान भरायला तो घरी येतो कुठे? आणि तू त्याला नावं ठेवू नकोस. तो मौज करतो आणि त्यालाच काम म्हणतो, तू काम करतेस आणि मौजही तिथेच उरकून येतेस. त्या शिंप्याशी दोन-दोन तास चेष्टा चालते म्हणे. तुमची ती मॅट्रन भेटली होती बाजारात, कौतुक करत होती, वॉर्ड हसता ठेवते म्हणून. मी म्हटलं, कोण? आमची ठकी? आमच्याकडे तर ती चप्पल काढली की तोंडही काढून ठेवते."

मी भांड्यांकडे परत गेले. मागून तिने शेवटचं टाकलं. "जावयांनी बदली मागून घेतली, ती का, विचारलंस कधी?"

तुला मी 'बदली झाली' असं लिहिलं होतं. मागून घेतली होती. मला माहीत होतं, आणि विचारलं नव्हतं.

पण दादा, यावरून तू जिंकलास असं समजू नकोस. आईचं दुःख तुझ्या कामाला आलं, एवढंच. तू ते तिला विचारून घेतलेलं नाहीस. तुला ते माहीतही नव्हतं. अंदाजाने दगड मारला आणि लागला.

ठकी


२८ मार्च

दादा,

तुझ्या ऑफिसचं उत्तर पोचलं. 'प्रिय श्रोते, आपला अनुभव आमच्यापर्यंत पोचवल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्यासारख्यांच्या प्रतिसादामुळेच सरांना बळ मिळतं.' बरोबर एक पेन. हे पत्र त्यानेच लिहितेय. शाई अडखळते.

आईने तुला फोन केला होता म्हणे. त्या गोड मुलीने तिला दिला तरी जोडून. आई म्हणाली, तुझ्या पुढच्या दौऱ्याला मला ने, मी मागे बसून राहीन, काही मागणार नाही. तू म्हणालास, "आई, तुला तिथे कंटाळा येईल." तिने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. "घरात तर माझी नुसती धमाल चाललीय ना," म्हणाली.

म्हणून मी नेतेय तिला. मोठ्या तळ्याकाठी कोणा बाईंच्या दोन खोल्या भाड्याने मिळतात, एक आठवडा. रजा मागायला गेले तर मॅट्रनबाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"तुझ्या जागी कोण?"

"मागच्या वेळी दोघींच्या जागी व्याख्याता आणला होतात," मी म्हटलं. "या वेळी एकटीच जातेय. पोस्टर लावलंत तरी चालेल."

रजा मिळाली. कायमची मिळते की काय असं क्षणभर वाटलं.

शिंपीकाकांना सांगितलं, आठवडाभर मी नाही, बुडवायचं नाही, नव्या सिस्टरला त्रास द्यायचा नाही. ते म्हणाले, "जा हो. आईला घेऊन जाताय, चांगलं आहे. मी काय इथून पळून चाललोय? मशीन सोडेल तेव्हा ना!" मग डोळे बारीक करून, "आणि येताना तो खांदा उसवून आणा. मी नीट करून देतो."

सामान भरतेय. काय भरायचं ते समजत नाही. माझ्याकडे गणवेश सोडले तर लग्नाकार्याचे कपडे आहेत, मधलं काही नाही.

ठकी


१६ एप्रिल

दादा,

तळ्याकाठचे पहिले दोन दिवस मी मेल्यासारखी झोपले. तिसऱ्या दिवशी भांडले. खोलीतला नळ गळतो म्हणून, बाई चहा पातळ करतात म्हणून, आईने गोळी उशिरा घेतली म्हणून. आई म्हणाली, "तुला पेशंट नसला की तू मला पेशंट करतेस." मी बाहेर जाऊन बाकावर बसले. बसणं किती अवघड असतं ते तुला माहीत नाही, कारण त्या वेळी तू बोलत असतोस.

मग आईने हट्ट धरला, पायडलच्या बोटीत बसायचं. या वयात! बसलो. मी जोरात पायडल मारायला लागले आणि बोट जागच्या जागी गरगरायला लागली. काठावरून बोटवाला ओरडतोय, "आजी, दोघींनी एकाच बाजूला मारा!" आणि आई बोटीतून ओरडतेय, "हिला सांग! ही जन्मापासून उलटं मारते!" काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. थांबेना. आईला फुटलं. तिची कवळी निसटली, ती तिने हातात धरली आणि तशीच बोळक्या तोंडाने हसत राहिली. पाय दोघींचेही थांबलेले, बोट वाऱ्याने कुठे जाईल तिकडे. बोटवाल्याला दुसरी बोट घेऊन आम्हाला ओढून न्यावं लागलं. इतकं मी कधी हसले होते, ते आठवत नाही. वॉर्डात हसते ते वेगळं. ते मी कोणाला तरी देत असते.

निघायच्या दिवशी आई म्हणाली, "तू जा. मी राहते आणखी थोडी. बाई सोबतीला आहेत." मी नाही म्हटलं. ती पलंगावर मांडी घालून बसली ती उठेचना. एकटी परत आले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले तर खिडकीजवळच्या मशीनला एक अनोळखी बाई.

मी विचारायच्या आधीच नव्या सिस्टरने मान खाली घातली. काका मी गेल्यावर एकदा आले. पुढचा दिवस बुडवला. त्याच्या पुढचाही. तिने नियमाप्रमाणे रजिस्टरात 'गैरहजर' लिहिलं. चूक तिची नाही. फोन करून शिव्या घालायच्या, हे तिला कोणी शिकवलेलं नाही, ते कुठे लिहिलेलंही नाही. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ते अंथरुणातच होते.

मी असते तर वाचले असते का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही, हृदय थकलेलं होतं. मॅट्रनबाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी म्हणायला हवं होतं, म्हणजे मला त्यांच्याशी भांडता आलं असतं.

घरी आले. घरात कोणी नाही. ह्यांचा फोन आला, आई पोचली का विचारायला. मी म्हटलं, शिंपीकाका गेले. तर ते म्हणाले, "कोण काका?"

चार वर्षं, दादा. ज्या माणसाशी मी दिवसाआड बोलत होते, त्याचं नावसुद्धा मी नवऱ्याजवळ काढलेलं नव्हतं. फोनवर मी रडले. ते थांबले, ठेवला नाही. मग हळूच म्हणाले, "सांग ना, कसे होते?" मला सांगता येईना. दमलेय म्हटलं आणि ठेवला. ठेवल्यावर कळलं, मी काय बोलले ते.

आईला सांगायचं नव्हतं, पण तिने आवाजावरून ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मी नको होते का गं यायला?"

"असं काय बोलतेस, आई."

"विचारलं त्याचं सांग."

मी ज्या क्षणी बोटीत पोट धरून हसत होते, त्या क्षणी कदाचित ते कुशीवर वळून म्हणाले असतील, आज नको, कोण ओरडणार आहे. दोन्ही एकाच दुपारी. यातलं कोणतं मी परत करू? तुझ्याकडे यावर वाक्य असेल. असेलच. ते माझ्यापर्यंत पोचू देऊ नकोस.

आता कामाचं. तुझ्या ऑफिसच्या त्या मुलीचा काल घरी फोन आला होता. पुढच्या महिन्यातल्या मोठ्या कार्यक्रमात आईंना स्टेजवर आणायचं आहे, सर त्यांना खाली वाकून नमस्कार करतील, आईंनी फक्त हसायचं आहे, तर आई कुठे आहेत, गाडी पाठवतो. दौऱ्यात तिला कंटाळा येईल म्हणालेलास. स्टेजवर कंटाळा येणार नाही वाटतं. मी आईला विचारलं, काय सांगू?

ती म्हणाली, "पत्ता देऊ नकोस त्याला. येईल, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या जगाला सांगत सुटेल, आई तळ्याकाठी काय शिकली. मी इथे काही शिकलेली नाही. नुसती बसलेय."

तेव्हा पत्ता देत नाही.

ठकी